नाचणाऱ्या झाडाचा कौल

खुर्च्या संपल्या तेव्हा माणसं भिंतींना टेकून उभी राहिली, आणि भिंतीही भरल्या तेव्हा व्यासपीठासमोरच्या मोकळ्या जागेत बायकांनी ओढण्या अंथरून बैठक मारली. अंबरनाथ पूर्वेच्या त्या मंगल कार्यालयात एवढी गर्दी लग्नाच्या मुहूर्तालाही होत नसेल. निमित्त होतं उद्यान आणि फलोत्पादन परिषदेचं. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचे हौशी बागवाले, रोपवाटिकावाले, जांभळाच्या बागा असलेले शेतकरी, सोसायटीच्या गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्या गृहिणी, सगळे आले होते. सकाळी ठिबक सिंचनावर भाषण झालं, कलमं बांधण्यावर झालं, तेव्हा हॉल निम्मा रिकामा होता. आता पाय ठेवायला जागा नव्हती, कारण आता आचार्य यज्ञेश यांचं झाड नाचणार होतं.

व्यासपीठावर जमिनीपर्यंत लोळणारा हिरवा कपडा घातलेलं टेबल होतं. त्यावर एक कुंडी आणि कुंडीत हातभर उंचीचं साधंसंच झुडूप. वरून पितळी टोपीचा पिवळा दिवा सोडलेला. आचार्य त्याला सूर्यदीप म्हणत. समोर एक छोटा कॅमेरा, आणि मागच्या भिंतभर पडद्यावर त्या झुडपाची बोटाएवढी पानं केळीच्या पानाएवढी दिसत होती.

"मी वक्ता नाही," यज्ञेश म्हणाले. कानाला लावलेल्या माइकमधून त्यांचा आवाज लोण्यासारखा पसरला. "वक्ता हे आहे. मी फक्त दुभाषी. माणूस खोटं बोलतो. रिपोर्ट खोटं बोलतो. झाड खोटं बोलत नाही, कारण झाडाला तोंडच नाही."

वाक्य टाळ्यांसाठी बेतलेलं होतं आणि टाळ्या पडल्या.

पद्धत अशी होती. माणसानं पुढे येऊन कुंडीजवळ तळहात धरायचा. यज्ञेश बासरीची धून लावत. माणसाच्या 'प्राणलहरी' शुद्ध असतील तर झाड नाचायचं, नसतील तर गप्प राहायचं. पहिला हात हरेश मखीजांचा होता. उल्हासनगरात कुंड्यांचा आणि खतांचा त्यांचा धंदा, आणि परिषदेची सगळी धावपळही त्यांचीच. धून वाजली. पडद्यावरची पानं हलली नाहीत. हरेशभाई हसले, पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही.

"घाबरू नका," यज्ञेश म्हणाले. "झाडानं वेळेवर सांगितलंय. आपल्याकडे हरितप्राण अर्क आहे."

मग झाड थकलं म्हणून त्यांनी कुंडी बदलली, आणि पुढे आल्या इंदुबाई. बदलापूरच्या बाहेर जांभळाची बाग असलेल्या आनंदा म्हात्रेंची ही बायको. धून लागली आणि पडद्यावर मोठ्या पानाच्या बुडाशी असलेली दोन चिमुकली पानं खरोखरच हलली. एक वर गेलं, थबकलं, पुन्हा झटक्यानं फिरलं. दुसरं खाली आलं. हॉलमध्ये श्वास घेतल्याचा आवाज आला.

"गेल्या महिन्यात बेलवलीच्या शिबिरात या माउलींसमोर झाड मेल्यासारखं उभं होतं," यज्ञेश म्हणाले. "माउली, आता दिवसाला साखरेच्या सुया किती?"

"एक पण नाय," इंदुबाई माइकमध्ये म्हणाल्या, आणि लाजून पदर तोंडावर घेतला.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या कुमुदिनी परचुरेंनी डोळे मिटून घेतले.

कुमुदिनीबाई शेती महाविद्यालयात झाडांचे रोग शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पडद्यावरचं झुडूप त्यांनी पाहताक्षणी ओळखलं होतं. विद्यार्थी असताना जंगलातल्या सहलीत त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं होतं. पुढे महाविद्यालयाच्या हरितगृहात वाढवलंही होतं. त्याला टेलिग्राफ प्लांट म्हणतात, कारण त्याची बारकी पानं जुन्या तारयंत्राच्या दांड्यासारखी वरखाली होतात. ऊब मिळाली की ती हलतात. कुणी जवळ असो नसो.

हे उठून सांगता आलं असतं. पण त्या उठल्या नाहीत. दर परिषदेला काहीतरी असतंच. एका वर्षी झाडाला लोहचुंबक बांधणारा आला होता. एका वर्षी मुळाशी मंत्राची कॅसेट पुरणारा. प्रत्येक वेळी बाईंनी उठून समजावलं होतं, आणि प्रत्येक वेळी लोकांनी त्यांच्याकडे वरातीत मध्येच आडव्या आलेल्या टेम्पोकडे पाहावं तसं पाहिलं होतं. घसा दुखे, आणि पुढच्या वर्षी लोहचुंबकवाल्याचा स्टॉल मोठा झालेला असे. उद्या त्यांचं स्वतःचं भाषण होतं, कुंडीतल्या झाडांची मूळकुज या विषयावर. दहा माणसं आली तरी पुष्कळ, असं मनाशी धरूनच त्या आल्या होत्या.

चहाच्या टेबलाशी इंदुबाईच त्यांना शोधत आल्या. बाईंनी कधीकाळी त्यांच्या जांभळाच्या बागेतला रोग पाहिला होता, तेव्हापासूनची ओळख. सोबत सून अक्षदा होती. ती एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि पाळी बदलून आली होती.

"बगितलात ना बाय, माझा झाड कसा नाचला?"

"बघितलं. तुम्ही लंगडताय का, इंदुबाई?"

"काय नाय. चप्पल लागली."

अक्षदानं सासूच्या पाठीमागून मान हलवली. मग इंदुबाई ओळखीच्या बाईशी बोलायला वळल्या तशी ती जवळ सरकली. "मॅडम, चप्पल वगैरे काही नाही. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलंय. रात्री ताप असतो. इन्सुलिन फ्रीजमधून काढून फेकून दिलं त्यांनी. मी बोलले तर म्हणतात, तू झाडापेक्षा शहाणी का. सासऱ्यांचं पण डोकं चालत नाही. तुमचं ऐकतील, तुम्ही बोला ना."

बाईंनी पाय पाहायला मागितला. इंदुबाईंनी कुरकुरत पदराआड पाऊल पुढे केलं. बोटाला बांधलेल्या फडक्याला वास येत होता. सडण्याचा वास कुमुदिनीबाईंनी आयुष्यभर हुंगला होता, पण तो मातीतला होता, माणसाचा नव्हता.

"इंदुबाई, आजच्या आज डॉक्टरकडे जा. ते झाड ऊब लागली की हलतं. त्याला तुमची साखर कळत नाही."

"बाय, तुमी शिकलेल्या," इंदुबाई शांतपणे म्हणाल्या. "पन मी माझ्या डोल्यांनी बगलाय. आदी नाय हलला, मंग हलला. मधी काय झाला? मना बरा वाटला म्हनूनच ना?"

प्रश्न खरा होता. झाड का हलतं हे बाईंना माहीत होतं. एकासाठी न हलता दुसऱ्यासाठी का हलतं, हे माहीत नव्हतं.

त्या सरळ व्यासपीठामागच्या खोलीत गेल्या. यज्ञेश खुर्चीत पाय लांब करून बसले होते. त्यांचा माणूस व्यासपीठावरून आत आणलेलं हिरव्या कपड्याचं टेबल आवरत होता आणि त्याखालचं थर्माकोलचं खोकं त्यानं नुकतंच बाहेर ओढलं होतं. झाकण उघडंच होतं. आत बर्फाच्या पिशव्या, आणि पिशव्यांच्या मधोमध हरेशभाईंसमोर गप्प राहिलेली कुंडी. पानांवर गारव्याचं दव धरलं होतं. त्या माणसानं बाईंना पाहिलं आणि घाईनं झाकण लावलं.

बाईंनी ते पाहिल्याचं दाखवलं नाही. खूप दमल्यासारखं वाटलं त्यांना. इतकं साधं. एक गरम कुंडी, एक गार कुंडी.

"यज्ञेशजी, मला तुमच्याशी भांडायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझी शक्तीही नाही तेवढी. एकच काम करा. त्या इंदुबाईंना बोलावून सांगा की सुई परत सुरू करा आणि डॉक्टरकडे जा. झाडानंच सांगितलं म्हणा हवं तर. मी कुठे काही बोलणार नाही."

यज्ञेश हसले. हसणं सभ्य होतं. "ताई, सुई बंद करा असं मी कधी म्हणालो? रेकॉर्डिंग ऐका माझं. मी म्हणतो, झाड काय सांगतंय ते ऐका. निर्णय ज्याचा त्याचा."

"त्यांचं बोट सडतंय."

"शरीर जुनी विषं बाहेर टाकतं तेव्हा असं होतं. तुम्ही झाडांच्या डॉक्टर ना? मग माणसांचं कशाला बोलता?"

"तुम्ही झाडांचे दुभाषी. तुम्ही का बोलता?"

यज्ञेशांनी मोबाइल उचलला आणि भेट संपली.

बाहेर येऊन कुमुदिनीबाईंनी हरेशभाईंना गाठलं. हरेशभाई हिशेबी माणूस, पण आज नजर कुठे ठरत नव्हती.

"उद्या सगळ्या वक्त्यांचं एकत्र प्रश्नोत्तराचं सत्र आहे ना? त्यात मला थोडा वेळ हवा. ते झाड आणि तो दिवाही टेबलावर हवा."

"मॅडम, लफडा नको. पब्लिक त्यांच्यासाठी येते. तुम्हाला राग नाही येणार तर बोलतो, तुमच्या लेक्चरला मी खुर्च्या कमी लावतो, हॉल खाली दिसू नये म्हणून."

"माहीत आहे मला."

हरेशभाई खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, माझं झाड नाही हललं. सच बोलतो, तेव्हापासून छातीत धडधड चालू आहे. माझे वडील हार्टनेच गेले. अर्क घेतलाय मी. तुम्हाला काय वाटतं, मला काही झालंय?"

"तुम्हाला काही झालंय की नाही ते डॉक्टर सांगेल. झाडाला काय झालं होतं ते मी उद्या दाखवते. टेबलावरचा हिरवा कपडा मात्र कुणाला बदलू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हॉल पुन्हा गच्च भरला. व्यासपीठावर पाच तज्ज्ञ ओळीनं बसले. मध्ये अर्थातच यज्ञेश; सत्रानंतर त्यांचं झाड पुन्हा नाचणार होतं, म्हणून हिरव्या कपड्याचं टेबलही मांडून ठेवलेलं होतं. लोकांनी पहिले सगळे प्रश्न त्यांनाच विचारले. मग हरेशभाईंनी माइक कुमुदिनीबाईंकडे दिला आणि हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मागच्या रांगेतले काही जण चहाला उठलेही.

"मला काल यज्ञेशजींचं झाड आवडलं," बाई म्हणाल्या. "ते पुन्हा बघू या. दिवा लावा. हात मात्र कुणाचा नको."

त्यांनी पिशवीतून औषध फवारताना घालायचा रबरी हातमोजा काढला, चहावाल्याकडून आणलेलं गरम पाणी त्यात भरलं, तोंड बांधलं आणि तो फुगीर पंजा कुंडीजवळ टेकवून ठेवला. कुणीतरी हसलं.

दिवा तापायला वेळ लागला. लोक कंटाळले. "बासरी तरी लावा," कुणी म्हणालं. बाई म्हणाल्या, "नको. बासरीशिवाय." आणि मग पडद्यावर एक चिमुकलं पान उठलं, झटका खाऊन फिरलं, खाली आलं. दुसरंही फिरू लागलं. हातमोज्यासाठी झाड कालच्यापेक्षा झकास नाचलं.

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "या मोज्याच्या प्राणलहरी फार शुद्ध दिसतात," एवढंच म्हणाल्या. मग मोजाही काढून घेतला. समोर कुणीच नव्हतं, तरी पानं हलतच राहिली.

यज्ञेश उठले. "झाड आनंदात आहे. एवढ्या माणसांचं प्रेम आहे इथे."

"बरं. इंदुबाई, तुम्ही वर या. तुम्ही काल मला विचारलंत, आधी हललं नाही आणि मग हललं, मध्ये काय झालं. तेच बघू."

आनंदांनी बायकोला हात देऊन वर चढवलं. बाईंनी सरबताच्या गाड्यावरून मागवलेली बर्फाची बादली त्यांच्या पुढ्यात ठेवली. "दिवा तुम्हीच बंद करा. हा बर्फ तुमच्याच हातानं कुंडीभोवती रचा. मी हात लावणार नाही, म्हणजे माझी काही करामत नको."

इंदुबाईंनी दिवा बंद केला. बर्फ रचला. वातानुकूलनाचा झोत नेमका टेबलावर होता. सगळ्यांना वाट पाहावी लागली, आणि वाट पाहताना बाई सांगत राहिल्या, वर्गात सांगायच्या तशा, आवाज न चढवता. पानाच्या देठाला बारीक सांधा असतो. त्या सांध्यात पाणी एका बाजूला भरतं, दुसऱ्या बाजूनं उतरतं, म्हणून पान फिरतं. ऊब असली की हे जोरात चालतं. गारठलं की मंदावतं आणि थांबतं.

पडद्यावर पान मंद झालं. अर्ध्यात अडकलं. मग थांबलं.

इंदुबाई कुंडीजवळ हात धरून उभ्या होत्या. त्यांनी हात आणखी जवळ नेला. पान हललं नाही. त्यांनी यज्ञेशांकडे पाहिलं.

"ही हिंसा आहे," यज्ञेश म्हणाले. आवाजातलं लोणी आता जरा कडक झालं होतं. "जिवंत झाडाला बर्फात गाडायचं आणि म्हणायचं ते बोलत नाही. कोणताही संवेदनशील माणूस असं करणार नाही."

सभेत कुजबुज झाली आणि तिचा कल त्यांच्या बाजूनं होता. पुढच्या रांगेतली एक बाई "अहो, खरंच की" असं म्हणालीही.

"मग तुमच्या टेबलाखाली बर्फ कशाला?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

यज्ञेशांचा माणूस टेबलाकडे निघाला, पण त्याच्या आधी हरेश मखीजा पोचले. त्यांनी हिरवा कपडा वर केला, थर्माकोलचं खोकं ओढलं आणि झाकण काढून कॅमेऱ्यासमोर तिरपं धरलं. भिंतभर पडद्यावर बर्फाच्या पिशव्या आणि त्यात दडवलेली कुंडी दिसली.

"काल माझ्यासमोर हीच होती," हरेशभाई म्हणाले. ते ओरडले नाहीत, पण माइक जवळ होता म्हणून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "ज्याला डरवायचं त्याला ठंडा माल, ज्याला खूश करायचं त्याला गरम. धंदा मी पण करतो. असा नाही करत."

कुमुदिनीबाई माइकजवळ गेल्या. त्यांना काही मोठं बोलायचं नव्हतं.

"मी सांगते म्हणून मानू नका," त्या म्हणाल्या. "बर्फ इंदुबाईंनी रचलाय. ज्याला शंका आहे त्यानं वर येऊन स्वतः करून बघावं, मी थांबते. झाड सुंदर आहे, घरी लावा, मुलांना दाखवा. पण त्याला स्वतःच्या सांध्यातलं पाणी तेवढं कळतं. तुमच्या रक्तातली साखर कळत नाही. ती कळायला रक्तच तपासावं लागतं. कुणी काही अद्भुत दाखवलं तर एवढंच विचारा, की हा माणूस बाजूला झाला तरी ते घडतं का. आणि औषध ज्यानं दिलंय त्याला विचारल्याशिवाय सोडू नका."

टाळ्या पडल्या, पण कालच्या निम्म्याही नाहीत. काही लोक वर येऊन बर्फ काढून, दिवा लावून पाहू लागले. तेवढीच माणसं यज्ञेशांच्या मागे पार्किंगकडे गेली. त्यांतल्या एकीनं जाताना बाईंना सांगितलं, "तुम्ही फार नकारात्मक आहात हो." बाईंनी मान डोलावली. वाद घालायला त्यांच्यात काही उरलं नव्हतं.

इंदुबाई व्यासपीठाच्या पायरीवर बसून होत्या. आनंदा शेजारी उभे.

"त्यानं मना का फसवला?" त्यांनी विचारलं. "मी त्याचा काय वाकडा केला?"

"काही नाही केलंत. तुम्हाला रोजच्या सुईचा कंटाळा आला होता, ते त्यानं ओळखलं."

"लय कंटाला येतो, बाय. पोटाला जागा नाय राहिली टोचायला."

"मला कळतं ते."

आनंदांनी खाली वाकून बायकोच्या पायातली चप्पल काढली, फडकं सोडलं आणि बोटाकडे पाहिलं. त्यांनी ते प्रथमच उजेडात पाहिलं असावं. "अक्षदा, रिक्षा बोलव," ते म्हणाले.

बोट वाचलं नाही. उल्हासनगरच्या रुग्णालयात डॉक्टरांनी ते काढलं, आणि आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं अक्षदाला सांगितलं. कुमुदिनीबाई भेटायला गेल्या तेव्हा इंदुबाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, पण ताप नव्हता. यज्ञेशांचं पुढचं शिबिर कर्जतच्या बाजूला लागल्याचं अक्षदानं मोबाइलवर दाखवलं. बाईंनी ते वाचलं आणि फोन परत दिला. कर्जतला कुणाला तरी कळवावं लागेल, असं त्या थकल्या मनानं ठरवत होत्या.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचा मुलगा एक बाटली घेऊन आला. कुण्या महाराजांनी पाण्यावर फुंकर मारून दिलेली बाटली होती ती. गोळ्या थांबवून हे पाजायचं होतं. मुलगा भला दिसत होता, आईसाठी धावून दमलेला.

इंदुबाई त्याच्याकडे वळल्या.

"बाला, एक काम कर. असलीच आनखी एक बाटली आन. तिच्यात नलाचा पानी भर. दोनी नेऊन त्या महाराजासमोर ठेव, आन इचार, तुमचा पानी कोनता. त्याला वलखता आला तर पाज आयेला. तवर गोल्या चालू ठेव."

मुलानं बाटली खाटेखाली ठेवली आणि आईच्या गोळ्यांची पट्टी शोधू लागला.

कुमुदिनीबाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. महाराजांनी ओळखलं असतं की नसतं, हे त्यांना कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. माणसाला एवढं विचारता आलं तर पुष्कळ झालं. यासाठी शाळा लागत नाही, हरितगृह लागत नाही. समोरच्याला दुखावण्याचीही गरज नसते. विचारायचं, तपासायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत गोळ्या चालू ठेवायच्या.